पहिल्या डोसनंतर दंड ठणकला, कणकण आली. हेपॅटायटिस बीचा दुसरा डोस घ्यावा का?

प्रश्न नाशिकच्या एका ताईंचा आहे. वय ३८. नुकत्याच एका डायलिसिस सेंटरमध्ये तंत्रज्ञ म्हणून रुजू झाल्या आणि तिथे त्यांना हेपॅटायटिस बीची लस घ्यायला सांगितली. पहिला डोस घेतला त्या संध्याकाळपासून दंड ठणकायला लागला, रात्री कणकण आली, दुसऱ्या दिवशी अंग मोडून आले आणि तिसऱ्या दिवशी सगळे निवळले. आता दुसऱ्या डोसची तारीख आठवड्यावर आली आहे. आईने मोबाइलवर पाहिले की या लसीमुळे मज्जातंतूंचा आजार होतो. त्यांचे म्हणणे, ‘एकदा त्रास झाला ना, मग आता नकोच.’ त्यात बरोबरच्या एका सहकारी बाईंचा खांदा लस घेतल्यापासून दोन महिने दुखतो आहे. ताईंना थायरॉइडची गोळी सुरू आहे आणि पुढच्या वर्षभरात बाळाचा विचारही आहे. काय करावे?

ताई, दुसरा डोस घ्या. तुम्हाला झालेला त्रास हा पुढचा डोस थांबवण्यासारखा नाही. पण तुमच्या आईंची भीती आणि सहकारी बाईंचा खांदा या दोन्ही गोष्टी मी बाजूला सारणार नाही, कारण त्यातली एक निराधार आहे आणि दुसरी अगदी खरी असू शकते. मी फिजिशियन आहे. गेली २४ वर्षे रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांचे लसीकरण माझ्या देखरेखीखाली होते: नर्स, वॉर्डबॉय, लॅबमधले तंत्रज्ञ, सफाई कामगार, सगळ्यांचे. एवढ्या वर्षांत मला जे लक्षात आले ते आधीच सांगते. मोठ्या माणसांना या लसीचा म्हणून जो त्रास होतो, त्यातला लसीच्या औषधाचा वाटा लहान असतो आणि दोन दिवसांत संपतो. जो त्रास लांबतो तो बहुतेक वेळा सुई कुठे टोचली यातून येतो.

आधी दंडाविषयी. या लसीत विषाणू नसतो. विषाणूच्या बाहेरच्या आवरणातले फक्त एक प्रथिन असते आणि तेही यीस्टच्या पेशींकडून तयार करून घेतलेले. ते प्रथिन शरीराच्या नजरेत भरावे म्हणून ॲल्युमिनियमच्या क्षारावर बसवलेले असते. हा क्षार स्नायूत थोडा काळ रेंगाळतो, तिथे पांढऱ्या पेशी गोळा होतात, जागा गरम होते, सुजते, दुखते. म्हणजे तुमचा दंड ठणकला ते शरीराने लसीची दखल घेतल्यामुळे. या प्रकारच्या एका जुन्या, खूप वापरल्या गेलेल्या लसीच्या चाचण्यांत १३,४९५ डोस दिल्यानंतरच्या नोंदी आहेत. टोचलेल्या जागी दुखणे सुमारे २२ टक्के डोसांनंतर आणि थकवा सुमारे १४ टक्के डोसांनंतर नोंदला गेला. बाकी सगळी लक्षणे त्याहून कमी. अंगात ताप भरणे हे साधारण १ ते ६ टक्क्यांत दिसते, आणि तो ताप बहुधा शंभराच्या आसपासच राहतो.

माझ्या अनुभवात दुखणे सुरू होते ते चार-सहा तासांनी, जास्तीत जास्त जाणवते ते त्या रात्री कुशीवर वळताना, आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी ओसरते. काहींना दंडात बोराएवढी गाठ लागते. ती एक-दोन आठवड्यांत विरते. तिला दाबून, चोळून, बाम लावून काही मिळत नाही. चोळल्याने सूज वाढते. स्वच्छ फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-दहा मिनिटे ठेवा, हात झोळीत टांगून न ठेवता नेहमीच्या कामात चालू ठेवा. फार ठणकले तर पॅरासिटॅमॉलची एक गोळी. ‘लस घेण्याआधीच गोळी घेऊन ठेवू का?’ असे पुष्कळजण विचारतात. गरज नाही. दुखेल तेव्हा घ्या.

पथ्याचाही प्रश्न नेहमी येतो. लस ‘गरम पडते’, म्हणून आठ दिवस वांगे, अंडी, पापड बंद ठेवणारी माणसे मी पाहिली आहेत. या लसीला कसलेही पथ्य नाही. एकच सांगते, उपाशीपोटी येऊ नका. त्याचे कारण खाली येईल.

आता घाबरायचे कशाला, ते. लसीची तीव्र ॲलर्जी, जिला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात, ती १० लाख डोसांमागे साधारण एकदा होते. फार विरळा, पण जीवघेणी, म्हणून तयारी नेहमी असायला हवी. ती बहुतेक वेळा पहिल्या काही मिनिटांतच सुरू होते. अंगावर गांधी उठतात, ओठ-पापण्या सुजतात, घसा आवळल्यासारखा वाटतो, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येतो, नाडी जलद आणि बारीक लागते. अशा वेळी मांडीच्या स्नायूत ॲड्रेनालिनचे इंजेक्शन, तेही ताबडतोब. ‘आधी ॲव्हिल (ॲलर्जीवरचे नेहमीचे औषध) देऊन पाहू’ म्हणत वेळ घालवणे हीच इथली सर्वात महागात पडणारी चूक. जिथे लस देतात तिथे ॲड्रेनालिनची ॲम्प्यूल हाताशी आहे का, हे विचारायला लाजू नका. आमच्याकडे ती लसीच्या ट्रेमध्येच असते, कपाटात कुलूप लावून नाही. आणि लस घेतल्यावर किमान १५ मिनिटे तिथेच बसा. अर्धा तास बसलात तर आणखी चांगले.

याच्याशी ज्याची गल्लत होते ती भोवळ. ती मात्र मी अनेकदा पाहिली आहे. एका शिबिरात सुरक्षारक्षकांना लस देत होतो. रांगेतला सर्वात धिप्पाड तरुण, गावाकडे तालमीत घुमलेला, सुई काढताक्षणी पांढराफटक पडला आणि खुर्चीवरून घसरला. सोबतचे ओरडले, ‘रिॲक्शन आली!’ नाडी पाहिली तर मंद होती, अंग गार, घामाने भिजलेले; गांधी नाहीत, सूज नाही, श्वास मोकळा. त्याला आडवा करून पाय उंच धरले आणि दोन मिनिटांत त्याने डोळे उघडले. सकाळपासून त्याच्या पोटात एक कप चहा होता. सुई टोचली की काहींच्या शरीरात नाडी आणि रक्तदाब एकदम उतरतात. त्यात लसीच्या औषधाचा संबंध नसतो, नुसत्या सुईने होते. इजा होते ती पडल्यामुळे: डोके आपटते, दात तुटतो. म्हणून खाऊन या, बसून किंवा आडवे होऊन लस घ्या, आणि पूर्वी कधी रक्त देताना किंवा इंजेक्शनने चक्कर आली असेल तर ते आधी सांगा. त्या तरुणाच्या कागदावर कुणीतरी ‘लसीची ॲलर्जी’ असे लिहिले होते. मी ते खोडून ‘भोवळ’ लिहिले. तो चुकीचा शेरा राहिला असता तर त्याचे पुढचे दोन्ही डोस बुडाले असते, आणि पुढे कुठलीही लस घेताना तोच कागद आडवा आला असता.

आता तुमच्या सहकारी बाईंचा खांदा. हा भाग मी जरा सविस्तर सांगते, कारण याविषयी आपल्याकडे फार कमी बोलले जाते आणि रुग्णाचे दुखणे ‘होईल बरे’ म्हणून झटकले जाते. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने २०११ साली लसींच्या दुष्परिणामांवरचा उपलब्ध पुरावा एकत्र तपासला. हेपॅटायटिस बीच्या लसीपुरता त्यांना ठाम पुरावा सापडला तो फक्त यीस्टची ॲलर्जी असलेल्यांना होणाऱ्या तीव्र प्रतिक्रियेचा. पण कुठल्याही लसीचे इंजेक्शन टोचण्याच्या क्रियेमुळे दोन गोष्टी होतात, असेही त्यांनी ठामपणे नोंदवले: एक भोवळ, आणि दुसरी खांद्याच्या सांध्यालगतच्या पिशवीला येणारी सूज.

खांद्याच्या टोकाशी एक हाड हाताला लागते. त्याच्या खाली दोन-तीन बोटे सोडून, दंडाच्या बाहेरच्या बाजूला, जिथे स्नायू सर्वात जाड असतो, तिथे सुई जायला हवी. ती त्याहून वर गेली तर लस स्नायूत न जाता सांध्याशेजारच्या द्रवाच्या पिशवीत किंवा स्नायूबंधात उतरते. ज्या क्षाराचे काम स्नायूत दाह निर्माण करण्याचे, तो मग सांध्याजवळ दाह करत बसतो. याची खूण अशी: दुखणे पहिल्या ४८ तासांतच सुरू होते, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी कमी होण्याऐवजी वाढत जाते. हात वर नेता येत नाही. वेणी घालता येत नाही, पाठीमागचे हुक लावता येत नाहीत, वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही.

असे होते तरी कसे? बऱ्याचदा कपड्यांमुळे. मी उभी राहून पाहिले आहे. कुर्त्याची किंवा ब्लाउजची बाही घट्ट असते, वर सरकत नाही. मग गळा ओढून खांदा उघडा करतात, आणि जेवढी कातडी दिसते तेवढीच, म्हणजे अगदी वर, सुई टोचली जाते. उभ्याने टोचणारा आणि खुर्चीत बसलेला रुग्ण असेल तर हात आणखी वरच पडतो. आमच्याकडे आता दोघेही बसलेले असतात, आणि बायकांना आदल्या दिवशीच निरोप जातो: सैल बाहीचे किंवा बिनबाह्यांचे घालून या. हा निरोप सुरू केल्यापासून खांद्याच्या तक्रारी जवळपास थांबल्या आहेत.

तुमच्या सहकारी बाईंना सांगा की दोन महिने दुखणाऱ्या खांद्याला ‘लसीने असे होतेच’ म्हणून सोसू नये. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे, खांद्याची सोनोग्राफी करावी, व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत. काहींना सांध्यात इंजेक्शनही द्यावे लागते. त्यांची रक्तातली साखरही तपासून घ्यावी, कारण मधुमेहात खांदा आपोआपही जखडतो आणि लसीची तारीख निव्वळ योगायोगाने जुळलेली असू शकते. आणि त्यांचे उरलेले डोस चुकवू नयेत. दुसऱ्या दंडात, योग्य जागी द्यावेत.

यावर काहीजण म्हणतात, ‘मग दंडात नकोच, कमरेला द्या.’ आपल्याकडे मोठ्या इंजेक्शनची ती जुनी सवय आहे. पण या लसीबाबत ती चालत नाही. कमरेखाली चरबीचा थर जाड असतो, लस स्नायूपर्यंत पोहोचत नाही आणि प्रतिकारशक्ती अपुरी तयार होते. कमरेला दिलेला डोस हिशेबात न धरता पुन्हा द्यावा, असाच नियम आहे. दंड बराच जाड असेल तर एक इंचाऐवजी दीड इंचाची सुई लागते, एवढाच फरक.

आईंच्या भीतीकडे येते. ती त्यांनी मनाने रचलेली नाही, तिला इतिहास आहे. फ्रान्समध्ये १९९४ पासून ही लस मोठ्या प्रमाणावर दिली गेली, कोट्यवधी लोकांनी घेतली, त्यात तरुण आणि प्रौढ खूप होते. त्यातल्या काहींना पुढे मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार झाला. गदारोळ झाला आणि ऑक्टोबर १९९८ मध्ये तिथल्या सरकारने शाळांमधले या लसीचे लसीकरण थांबवले. मल्टिपल स्क्लेरोसिस हा मुळात २० ते ४० या वयात डोके वर काढणारा आजार आहे आणि बायकांत तो जास्त दिसतो. ज्या वयोगटातल्या लाखो लोकांना एकाच वेळी लस दिली, त्यांच्यातल्या काहींना तो आजार लस न घेताही झालाच असता. मग प्रश्न एवढाच उरतो की लस घेतलेल्यांत तो जास्त झाला का?

हे तपासले गेले. २००१ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दोन मोठे अभ्यास छापून आले. एक अमेरिकेतल्या परिचारिकांवरचा: आजार झालेल्या आणि न झालेल्या, दोन्ही गटांतल्या लसीकरणाच्या नोंदी ताडून पाहिल्या, संबंध आढळला नाही. दुसरा युरोपमधला, ज्यांना आधीच हा आजार होता त्यांच्यावरचा: लस घेतल्यावर आजार पुन्हा उसळण्याचे प्रमाण वाढले नाही. २००४ साली ब्रिटनमधल्या एका अभ्यासात उलट कल दिसला होता, हेही सांगायला हवे. पण त्यात लस घेतलेले रुग्ण अगदी मोजके होते, आणि पुढच्या मोठ्या अभ्यासांत तो कल टिकला नाही. २०१८ पासून खुद्द फ्रान्सने तान्ह्या मुलांसाठी हीच लस सक्तीची केली आहे. ज्या देशात शंका उपजली त्याच देशाने वीस वर्षांनी घेतलेला हा निर्णय आईंना जरूर सांगा.

तुमची थायरॉइडची गोळी आड येत नाही. बाळाचा विचार असेल तर लस आत्ताच घेणे उत्तम, आणि मध्येच दिवस राहिले तरी डोस थांबवण्याचे कारण नाही. या लसीत जिवंत काही नसल्यामुळे गरोदरपणातही ती देता येते, अंगावर पाजतानाही. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असणाऱ्यांनी ते आधी सांगावे. बारीक सुई वापरून जागा न चोळता दोन मिनिटे दाबून धरली की भागते. सर्दी-पडसे असेल तरी चालते. चांगला ताप असेल तर बरे वाटेपर्यंत थांबा. फॅटी लिव्हर असलेले लोक ‘लिव्हरवर ताण येईल’ म्हणून मागे सरतात. उलट ज्यांचे यकृत आधीच दुबळे आहे त्यांनी ही लस अगत्याने घ्यावी, कारण त्यांना वरून हेपॅटायटिस बी झाला तर तो पेलणार नाही.

यीस्टविषयीही विचारणा होते. ब्रेड, पाव, बन खाल्ल्यावर तुम्हाला कधी गांधी-सूज आली नसेल तर काळजी नको. पावाने पोट फुगते ही ॲलर्जी नव्हे.

या लसीचा एक विचित्र परिणाम फार थोड्यांना माहीत आहे. मागे एक तरुण तंत्रज्ञ रडकुंडीला येऊन माझ्यासमोर बसला होता. लस घेतल्यानंतर आठव्या दिवशी त्याने रक्तदान केले, आणि रक्तपेढीने कळवले की हेपॅटायटिस बी पॉझिटिव्ह. घरी गहजब झाला. बायको माहेरी जायला निघाली. ‘लसीतूनच पांढरी कावीळ झाली,’ असे सगळ्यांनी ठरवून टाकले. (आपल्याकडे हेपॅटायटिस बीला पांढरी कावीळ म्हणतात.) झाले होते असे: लसीतले प्रथिन म्हणजेच ती चाचणी जे शोधते ते सरफेस अँटिजेन. डोस घेतल्यावर काही दिवस, सुमारे १८ दिवसांपर्यंत, ते रक्तात सापडू शकते. विषाणू नाही, नुसते आवरणातले प्रथिन. त्याचे रक्त मी महिन्याने पुन्हा तपासले. निगेटिव्ह आले, सोबत विषाणूच्या गाभ्याविरुद्धची अँटिबॉडीही निगेटिव्ह आली, म्हणजे खरी लागण कधी झालीच नव्हती. म्हणून लस घेतल्यावर महिनाभर ही चाचणी करू नका आणि रक्तदान करायचेच असेल तर रक्तपेढीला लसीची तारीख सांगा. हे त्याला लस देतानाच सांगायला हवे होते. तेव्हापासून आमच्या कार्डावर ते छापलेले असते.

यातला दुसरा धडा असा की चाचणी लसीच्या आधी करावी. तुमच्यासारखे काम करणाऱ्या प्रौढांमध्ये पहिल्या डोसआधी सरफेस अँटिजेन आणि गाभ्याची अँटिबॉडी तपासून घेतली की पुढची गुंतागुंत टळते. आधीच लागण झालेल्याला लसीने अपाय होत नाही, पण उपयोगही होत नाही, आणि त्याला खरी गरज असते ती उपचारांची. तुमचा पहिला डोस होऊन गेला आहे. दुसऱ्या डोसच्या तारखेला महिना भरतोच आहे, तेव्हा त्या दिवशी डोसच्या आधी तपासणीसाठी रक्त देऊन टाका. अहवालासाठी डोस अडवू नका.

लस न घेण्याचे दुष्परिणाम मी सांगितले नाहीत तर हे उत्तर अर्धवट राहील. तुम्ही डायलिसिसला काम करता. रोज रक्त, नळ्या, सुया. हेपॅटायटिस बीचा विषाणू सुकलेल्या रक्तात, मशीनच्या पृष्ठभागावर निदान सात दिवस तग धरतो. जोरदार संसर्ग असलेल्या रुग्णाची सुई लस न घेतलेल्या कर्मचाऱ्याला टोचली तर आजार होण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते. एचआयव्हीसाठी तीच शक्यता सुमारे ०.३ टक्के आहे. सगळे एचआयव्हीला घाबरतात आणि ज्याला लस आहे त्याच विषाणूबाबत निष्काळजी राहतात, याचे मला अजूनही वाईट वाटते. २००९ साली गुजरातमधल्या मोडासा भागात वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्यामुळे हेपॅटायटिस बीची साथ आली. शेकड्यांनी लोक आजारी पडले आणि कित्येक दगावले. तीही लस असताना.

तुमच्या पिढीला ही लस लहानपणी मिळालेली नाही. आपल्या देशात ती सरकारी कार्यक्रमात २००२-०३ पासून निवडक ठिकाणी आली आणि देशभर पोहोचायला २०११-१२ उजाडले. त्याआधी ती परदेशातून यायची आणि सामान्य माणसाला परवडायची नाही. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस बाजारात आणली. पुढे पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटसह इतरांच्याही आल्या आणि किंमत कोसळली. आज ज्यांचे वय २५-३०च्या पुढे आहे त्यांनी आपण लस घेतलेली नाही असेच धरून चालावे, कार्ड सापडेपर्यंत.

मोठेपणी या लसीचा जो तोटा मला सर्वात जास्त सतावतो तो ताप-दुखीचा नाही. एक-दोन डोस घेऊन ‘माझी झाली’ असे मानून बसण्याचा आहे. ४० च्या आतल्या निरोगी माणसात पहिल्या डोसनंतर साधारण ३० ते ५५ टक्क्यांना संरक्षण मिळते, दुसऱ्यानंतर सुमारे ७५ टक्क्यांना, आणि तिसऱ्यानंतर ९० टक्क्यांहून अधिकांना. वय वाढले की हे प्रमाण उतरते. साठीत ते पाऊणशे टक्क्यांवर येते. तंबाखू ओढणारे, वजन फार असलेले, मधुमेही, मूत्रपिंड निकामी झालेले, यांच्यात आणखी कमी. म्हणून तुमच्या डायलिसिसच्या रुग्णांना दुप्पट मात्रा, ४० मायक्रोग्रॅम, आणि चार डोस देतात. तुम्हाला मात्र नेहमीचे २० मायक्रोग्रॅम, ०, १ आणि ६ महिन्यांनी.

आमच्या ऑपरेशन थिएटरमधल्या एका मामांनी दोन डोस घेतले होते, तिसरा राहिला तो राहिलाच. काही वर्षांनी कचऱ्याच्या पिशवीतून सुई टोचली. तपासले तर अँटिबॉडी ४, लागते निदान १०. धावपळ करून त्याच दिवशी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडीचे इंजेक्शन, दिले, राहिलेला डोसही दिला, आणि सहा महिने ते आणि आम्ही श्वास रोखून होतो. वाचले. पण इम्युनोग्लोब्युलिनची एक कुपी लसीच्या अख्ख्या कोर्सहून कितीतरी महाग असते, आणि रात्री-अपरात्री मिळेलच असेही नाही. डोस चुकला तर पहिल्यापासून सुरुवात करायची नसते, राहिलेला घ्यायचा असतो. एवढे त्यांना कुणी सांगितले असते तर ते आलेच असते.

म्हणून तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटिबॉडीचे टायटर, म्हणजे रक्तातले प्रमाण, तपासा. तुमच्या कामात हे आवश्यकच आहे. १० किंवा त्याहून जास्त आले की निर्धास्त. पुढे तो आकडा हळूहळू खाली आला तरी शरीराची आठवण टिकते, निरोगी माणसाला दर पाच वर्षांनी बूस्टर लागत नाही. १० च्या खाली आले तर आणखी तीन डोस, पुन्हा टायटर. नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या आपल्या नर्स मुलींना हा टायटरचा कागद मागतातच, तेव्हा तो जपून ठेवा. अमेरिकेत दोन डोसांची एक नवी लस २०१७ मध्ये मंजूर झाली. तिथे राहणाऱ्या कुणाला ती दिली तर चिंता नको, तिचाही मुख्य त्रास दंडदुखी आणि थकवा एवढाच.

हेपॅटायटिस एची लस वेगळी. ती दूषित पाण्या-अन्नातून होणाऱ्या काविळीसाठी. निष्क्रिय विषाणूची असेल तर सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. मोठ्यांत दंड दुखणे यातही नेहमीचे, डोकेदुखी थोडी जास्त. हिची एक जिवंत, दुबळ्या केलेल्या विषाणूची लसही आपल्याकडे मिळते. ती गरोदर बाईला आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्याला देत नाहीत. बाळाचा विचार असल्यामुळे ही लस घेताना तुम्ही ‘जिवंत की निष्क्रिय?’ एवढे नक्की विचारा. आणि या दोन लसी घेतल्या म्हणजे सगळ्या काविळींपासून सुटका, असेही नाही. इचलकरंजीत २०१२ साली पाण्यातून जी साथ पसरली ती हेपॅटायटिस ईची होती. हेपॅटायटिस सीवर तर लसच नाही.

दुसऱ्या डोसच्या दिवशी एवढे करा. नाश्ता करून जा. सैल बाही. पहिला डोस उजव्या दंडात घेतला असेल तर आता डावा द्या. टोचणाऱ्या सिस्टरना खाली बसायला सांगा आणि हाडापासून दोन-तीन बोटे खाली, असे बिनदिक्कत म्हणा. कुपी फ्रीजमधून निघाली की फ्रीजरमधून, हेही विचारा. ही लस गोठली की निकामी होते. कार्डावर लसीचे नाव, बॅच क्रमांक आणि कुठल्या दंडात दिली ते लिहून घ्या. पहिल्या वेळेइतकाच त्रास होईल, कदाचित कमी. शंभरच्या वर ताप दोन दिवसांहून जास्त टिकला, लाली पसरत कोपरापर्यंत आली, किंवा आठवड्यानंतरही हात डोक्यावर नेता येत नसेल तर डॉक्टरांकडे जा आणि लसीची तारीख सांगा. गंभीर काही घडले तर त्याची नोंद व्हायलाच हवी. लस देणाऱ्यांनी टाळाटाळ केली तर राष्ट्रीय औषध-सुरक्षा कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णाला स्वतःही कळवता येते.

आणि त्या दिवशी आईंना सोबत घेऊन जा. अर्धा तास तुमच्याशेजारी बसतील, मनातले सगळे तिथल्या डॉक्टरांना विचारतील. घरी येताना त्यांचीही तपासणी करून लस सुरू करता येईल का, तेही त्याच फेरीत विचारून घ्या.